पाच टिंबं आणि एक उलटी रेघ

...नाही, पण मला एक सांगा, टिंबानं कुणाचं काय घोडं मारलंय? कीबोर्डवरचं सगळ्यात गरीब बटण ते. शिफ्ट दाबावी लागत नाही, जोर लावावा लागत नाही, करंगळीला जरा वाकवलं की बिचारं खाली कोपऱ्यात येऊन बसतं, ना आवाज ना मिजास. म्हणून तर मी ते धरलं. आणि त्याच टिंबानं मला भर ऑफिसात, चहाच्या वेळेला, सगळ्यांच्या देखत शिवराळ ठरवलं. मला! ज्या माणसानं अंगठा दारात सापडला तरी 'अरे देवा' च्या पुढं मजल मारलेली नाही, त्याला! आणि हे कशामुळे? एका उलट्या रेघेमुळे. मधे एक उलटी रेघ नव्हती, एवढंच.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गृहस्थ टिंबावरून एवढा का पेटलाय.

आमचं काम काय, तर व्हिडिओच्या खाली जी अक्षरं येतात ना, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, ती आम्ही लिहितो. कुणी बोललं की बोललेलं लिहायचं, दार वाजलं की 'दार वाजतं' लिहायचं. आणि शिवी आली की? शिवी लिहायची नाही. शिवीच्या जागी पाच खुणा टाकायच्या, मग शेवटी मशीन त्या खुणा उचलतं आणि तिथे काळी पट्टी मारतं. आता कुठल्या खुणा, ते कुणी कधी सांगितलं नाही, त्यामुळं ज्यानं त्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणं धरल्या. आमच्या मॅडमनी डॉलरची खूण धरली, बरोबरच आहे, ऑफिस त्यांचं. मी टिंब. आणि माझ्या समोरच्या टेबलावर जो बसतो त्यानं धरला स्टार. धरणारच! म्हणून आम्ही सगळे त्याला नक्षत्र म्हणतो. तोंडावर म्हणतो. त्याला वाटतं कौतुक आहे.

हे नक्षत्र मला काका म्हणतं. काका! वयाचं म्हणाल तर आम्ही दोघं एकाच बाकावर बसून शाळा शिकलो असतो. पण नाही. 'काका, चिल.' 'काका, बिस्किट आहे का?' माझ्या खणातली बिस्किटं खातो आणि रिकामा पुडा नीट घडी घालून परत खणात ठेवतो. का? तर मला उघडेपर्यंत कळू नये. गेल्या महिन्यात माझ्या कीबोर्डवर चहा सांडला यानं, आणि म्हणतो कसा, 'काका, तुम्ही तरी कप इतका काठावर कशाला ठेवता?' कप त्याचा होता. तेव्हापासून माझ्या कीबोर्डाच्या उजव्या बाजूची दोन-तीन बटणं चिकटतात, दाबलं तर उठत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर आमच्या मुख्य तपासनीस बाई निवृत्त झाल्या, आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नव्हे, खिडकीशेजारची खुर्ची. आमच्या ऑफिसला खिडकी एकच. बाकी सगळे आम्ही भिंतीकडं तोंड करून, शिक्षा झाल्यासारखे. इतकी वर्षं मी त्या भिंतीवरच्या एका पोपड्याकडं बघून काम केलं आहे, तो पोपडा मला आता नातेवाईकासारखा वाटतो. मॅडम म्हणाल्या होत्या, 'तुमचाच विचार आहे, सोमवारी सांगते.' मी घरी सांगून मोकळा. बायकोनं तिच्या बहिणीला सांगितलं. म्हणजे सगळ्या जगाला कळलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात तो गादीचा घोळ.

एक गादी बनवणारी कंपनी आहे, आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या मालकांनी कामगारांसमोर पंचवीस वर्षं भाषणं ठोकली, त्या सगळ्यांचे तुकडे जोडून त्यांनी एक फिल्म केली. अक्षरं आमचीच, पण ती पंचवीस वर्षांच्या शेकडो फायलींतून उचललेली. कुठला तुकडा कुठल्या फायलीतला, कुणी लिहिलेला, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि हे मालक प्रत्येक भाषणात, दर दोन वाक्यांनी काय म्हणतात, तर 'माझ्या प्रिय कामगारांनो'. आवाज असा, की लग्नात वधूपित्यानं बोलावं. सगळे कामगार हॉलमध्ये बसलेत, मोठ्या पडद्यावर मालक हात जोडून म्हणतायत, 'माझ्या प्रिय कामगारांनो', आणि खाली अक्षरं येतात... 'माझ्या', मग काळी पट्टी, मग 'कामगारांनो'.

म्हणजे मालकांनी कामगारांना शिवी घातली आणि आम्ही ती झाकली, असा त्याचा अर्थ. हॉल जो हसत सुटला, तो म्हणे फिल्म संपली तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना उभं केलं. 'कुणाचं काम आहे हे?' तेवढ्यात नक्षत्र उठलं. 'मॅडम, सोप्पंय. जुन्या फायलींत शोधू.' आणि काळा स्क्रीन उघडला. तो असतो ना, नुसता काळा, पांढरी अक्षरं, चित्र नाही, बटण नाही, आपण हुकूम टाइप करायचा आणि तो पाळतो. त्यात शोधायचा हुकूम आहे, ग्रेप म्हणतात. नक्षत्रानं तो टाइप केला, पुढं 'माझ्या', पाच टिंबं, 'कामगारांनो'. माझी खूण, कळलं ना? 'आणि नुसतं किती वेळा ते विचारू, मॅडम, उगाच सगळं वाचत बसायला नको.' वाहवा, काय ती मॅडमच्या वेळेची काळजी.

एंटर मारलं. आकडा आला. थोडाथोडका नव्हे हो, शेकड्यात.

मॅडमनी चष्मा काढला. 'शेकडो वेळा? तुम्ही? पंचवीस वर्षांत शेकडो वेळा त्या माणसाच्या तोंडी शिवी घातलीत?' मी म्हटलं, 'मॅडम, मी...' तर नक्षत्र माझ्या खांद्यावर हात ठेवून, आवाज एकदम मऊ करून, 'काका, होतं असं कधीकधी. घरी सगळं ठीक आहे ना?'

घरी सगळं ठीक आहे ना! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या हातात बिस्किटाचा पुडा होता, त्याचा भुगा झाला.

मग मॅडम म्हणाल्या, 'आता तुझे स्टार बघ.' बघितले. 'माझ्या', पाच स्टार, 'कामगारांनो'. शून्य. एकही नाही. धुतल्या तांदळासारखा बाहेर आला हो तो माणूस. आणि मॅडम मला, 'सोमवारपर्यंत ती ओळ काढून मला दाखवा. नाहीतर मालकांची माफी तुम्हीच मागायची. आणि ते खिडकीचं... बघू नंतर.' बघू नंतर म्हणजे काय, ते लहान मुलालाही कळतं.

आता त्यानं हे मुद्दाम केलं की अडाणीपणानं, देव जाणे. मी मुद्दामच धरून चाललो. सूड घ्यायचा ठरवलं की समोरच्यानं मुद्दाम केलंय असं धरूनच चालावं लागतं, नाहीतर हात उठत नाही.

घरी आलो, बायकोला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, 'अहो, तुम्हीच लिहिलं नसेल कशावरून? झोपेत दात खाता तुम्ही.' मी म्हटलं, 'दात खाणं वेगळं आणि शिवी लिहिणं वेगळं.' मग जरा विचार करून म्हणाली, 'पण सोडू नका हं त्याला. मी बहिणीला खिडकीचं सांगितलंय.'

बस. घरचा आशीर्वाद मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी काळ्या स्क्रीनसमोर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. आधी माझी स्वतःची टिंबं शोधली, नक्षत्रानं शोधली तशीच, फक्त आकडा नको म्हटलं, ओळी दाखव. दाखवल्या. आणि बघतो तर काय, प्रत्येक ओळीत 'माझ्या प्रिय कामगारांनो'! प्रिय! शिवी नाही, टिंब नाही, स्वच्छ धुतलेलं प्रिय! मी ते घेऊन मौनीबाबाकडं गेलो.

मौनीबाबा म्हणजे आमच्या मशिनांच्या खोलीतला माणूस. त्याला सगळं येतं आणि तो काही सांगत नाही, यातच त्याचं सुख आहे. एका प्रश्नाला तीन शब्द, चौथा मागितला तर पाठ फिरवतो. मी विचारलं, 'टिंबं शोधली तर प्रिय का येतंय?' म्हणाला, 'टिंब म्हणजे काहीही.' मला वाटलं माझी टर उडवतोय. म्हटलं, 'काहीही म्हणजे?' 'काहीही. कुठलंही अक्षर.' म्हणजे ऐका, आपण टिंब लिहिलं की ते यंत्र त्याला टिंब समजतच नाही! त्याला वाटतं, इथं काहीही चालेल. पाच टिंबं म्हणजे कुठलीही पाच अक्षरं. आणि प्रियमध्ये, ते यंत्र काना-वेलांट्यासुद्धा सुट्या सुट्या मोजतं, प, त्याचा पाय मोडायची खूण, र, वेलांटी, य, तर बरोबर पाच भरतात. म्हणजे त्या माणसानं पंचवीस वर्षं मायेनं जेवढ्या वेळा प्रिय म्हटलं, तेवढ्या शिव्या माझ्या नावावर!

'मग नुसतं टिंब कसं शोधायचं?' तर त्यानं बोटानं हवेत एक रेघ काढली. सरळ नव्हे, तिरपी. तिरपीसुद्धा नेहमीची नव्हे, उलट्या बाजूला झुकलेली. 'बॅकस्लॅश. आधी द्यायची.' 'मग?' 'मग नुसतं टिंब.' आणि वळला.

एवढंच! हे एवढंच सांगायला पाहिजे होतं कुणीतरी त्या दिवशी. एका उलट्या रेघेसाठी माझी आब्रू गेली.

आलो टेबलाशी. उलटी रेघ कुठाय? एंटरच्या वर. आणि एंटरच्या वर काय झालं होतं? चहा! आठवतंय ना? ते बटण दाबलं की उठेना, उठलं की थांबेना, एका टिंबाच्या आधी रेघांची नुसती कुंपणं लागायला लागली. म्हणजे बघा, त्यानं आधी सापळा लावला आणि मग सुटायची किल्ली चहात बुडवली. तेव्हा मी ठरवलं, याला मी याच्याच कीबोर्डवर पकडणार. नक्षत्र जेवायला गेलं की मी त्याच्या खुर्चीत. त्याच्या कीबोर्डात माझ्या बिस्किटांचा चुरा होता. मी पुरावा म्हणून हलवला नाही.

पहिल्यांदा माझी टिंबं, नक्षत्राच्या हुकमाची हुबेहूब नक्कल, फक्त प्रत्येकाच्या आधी रेघ. एंटर. काही नाही. एक ओळसुद्धा नाही. यंत्र गप्प. तुम्हाला सांगतो, एवढं गोड गप्प बसलेलं मी आजवर कुणाला पाहिलं नाही. मी निर्दोष.

पण मी निर्दोष असून काय उपयोग? मला तो दोषी पाहिजे होता.

मग त्याचे स्टार घेतले. नुसतेच टाइप केले, 'माझ्या', पाच स्टार, 'कामगारांनो'. आणि स्क्रीन जो धावायला लागला! 'माझ्या आईनं', 'माझ्या पायात गोळा आलाय', 'माझ्या सुनेचं काही सांगू नका'... ऑफिसात आजवर जी जी फिल्म झाली त्यातलं प्रत्येक 'माझ्या' डोळ्यांसमोरून धावतंय, आणि शेवटी इंग्रजीत तक्रार, काय तर 'कामगारांनो' नावाची फाइल सापडत नाही. अरे, फाइल कुणी मागितली होती? परत मौनीबाबा. 'अवतरणचिन्हात घाल.' 'का?' 'बाहेरचा स्टार पसरवतो.' चार दिवस त्याच्या मागं लागून मला एवढं कळलं, की तिथं दोघं बसलेत. एक दारावर, एक आत. दारावरच्याला स्टार दिसला की तो म्हणतो, सगळ्या फायली घेऊन या. आतल्याला स्टार दिसला की तो म्हणतो, आधी जे काही आहे ते कितीही वेळा चालेल, नसलं तरी चालेल. स्टारच्या आधी काय होतं? मोकळी जागा! म्हणजे त्या दिवशी, मॅडमच्या देखत, नक्षत्राचे स्टार अवतरणात बसून आतल्यापर्यंत पोचले, पण यंत्र स्टार शोधतच नव्हतं, 'माझ्या', मग मोकळी जागा आणि लगेच 'कामगारांनो', असं शोधत होतं. मालक मधे प्रिय म्हटल्याशिवाय राहत नाहीत, मग ते कसं सापडणार? आणि असा हा माणूस निर्दोष सुटला!

म्हटलं ठीक आहे, रेघा देतो. दिल्या, पाच स्टारांना पाच. पण अवतरण विसरलो. तर दारावरचा रेघा खाऊन बसला. हो, खातो तो! आतल्यापर्यंत पोचूच देत नाही. आपल्याकडं नाही का, साहेबांसाठी पाठवलेला पेढ्याचा पुडा शिपायाच्या टेबलाशीच हलका होतो, तसं. मग पुन्हा नक्षत्राच्या जेवणाची वाट बघा. ते जेवायला जाणार, पण डबा उघडायच्या आधी चार टेबलांवरच्या भाज्या चाखत बसणार. मी आपला कोपऱ्यात पाणी पितोय. इतकं पाणी प्यालो त्या आठवड्यात, बायको म्हणाली साखर तपासून घ्या. तिला काय सांगू, हे सगळं एका उलट्या रेघेसाठी चाललंय म्हणून?

आणि शेवटी, शुक्रवारी दुपारी, बसलो. अवतरणचिन्ह. 'माझ्या'. रेघ स्टार, रेघ स्टार, रेघ स्टार, रेघ स्टार, रेघ स्टार. 'कामगारांनो'. अवतरणचिन्ह. देवाचं नाव घेतलं आणि एंटर.

एक ओळ आली. एकच. पंचवीस वर्षांतून वर येऊन, पाच स्टार लावून, माझ्यासमोर उभी राहिली. त्या गड्याला भाषणात तो एक शब्द नीट ऐकू आला नव्हता, आणि परत ऐकायचा कंटाळा म्हणून यानं ठोकले स्टार आणि गेला चहाला! मला रडू आलं हो. खरंच आलं. त्याच्याच टेबलावरचा टिशू घेतला आणि डोळे पुसले.

शनिवार-रविवार माझा कसा गेला म्हणून सांगू! मनातल्या मनात मी त्या माणसाला किती वेळा उभा केला मॅडमसमोर, मोजदाद नाही. मी काय म्हणेन तेही ठरलेलं. आवाज मऊ करायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'होतं असं कधीकधी. घरी सगळं ठीक आहे ना?' आरशासमोर तालीम केली. बायको म्हणाली, 'आणखी मऊ.' केला आणखी मऊ.

सोमवार. मॅडमच्या खोलीत सगळे. मी स्क्रीन भिंतीवर लावून घेतला, मोठा. म्हटलं दिसू दे. हुकूम टाइप करून तयार, फक्त एंटर बाकी. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. गादीवाले मालक! मॅडमचा चेहरा उतरला, माझ्याकडं बघून म्हणाल्या, 'स्पीकरवर घेते. माफी मागायची तयारी ठेवा.' मी म्हटलं, घ्या. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, म्हटलं, मालकांच्या साक्षीनं होऊ दे.

मालक म्हणाले, 'हॅलो, ती काळी पट्टी... मला आधी सांगा, ती टाकली कुणी?'

मॅडम तोंड उघडतायत, तेवढ्यात मी पुढं झालो. 'साहेब, तो मी नव्हे. माझा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही, मी पुराव्यानिशी सिद्ध करतो.' एंटर मारलं. भिंतीवर एकच ओळ, पाच स्टार एवढे मोठे. मी नक्षत्राकडं बोट केलं. 'साहेब, हा! यानंच टाकली, शंभर टक्के यानं. माझ्या टिंबाचा त्यात अंशसुद्धा नाही.' आणि खांद्यावर हात ठेवला. मऊ आवाज काढणार, तेवढ्यात फोनमधून हसण्याचा आवाज.

'अहो मॅडम,' मालक म्हणतात, 'पंचवीस वर्षं मी त्यांना प्रिय म्हणतोय, एक माणूस कधी हसला नाही. त्या दिवशी अख्खा कारखाना हसला, उठून माझ्याजवळ आले, पाठीवर थापा मारल्या मला. पहिल्यांदा! आणि मी मनात काय म्हणतो ते तुमच्या या माणसाला कळलं कसं हो? याच्याच हातून माझी सगळी कामं जाऊ द्या. मोठं पद द्या त्याला काहीतरी.'

मॅडम नक्षत्राकडं बघतायत. नक्षत्र नम्रपणे खाली बघतंय. माझा हात अजून त्याच्या खांद्यावर. म्हणजे दुरून बघणाऱ्याला वाटावं, मी शाबासकी देतोय.

तर आता खिडकीत तो बसतो. मुख्य तपासनीस! बाहेर आल्यावर मला म्हणाला, 'काका, थँक्स. तुम्ही नसतात तर कुणाला कळलंच नसतं.' बायको तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, तर तिच्या बहिणीबद्दल.

आणि विचार करा, मी काही केलं नसतं, नुसता बसलो असतो, तर? सगळं ऑफिस म्हणतच होतं ना, यानंच केलं, टिंबवाल्यानं केलं! मालकांचा फोन आला असता, मॅडमनी माझ्याकडं बोट दाखवलं असतं, आणि खिडकी माझी. रेघ नव्हती तोवर टिंब म्हणजे काहीही होतं हो. काहीही! मुख्य तपासनीससुद्धा! आठवडाभर राबून, दुसऱ्याच्या कीबोर्डवर, अवतरणचिन्हात घालून, मीच माझ्या आधी ती उलटी रेघ दिली.

आता काय. आता नुसतं टिंब.